भाऊजींचं घाबरणं

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात माझ्या धाकट्या दिराइतका भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. सापडलाच तर तो सहा फूट उंच नसेल, आणि उंच असलाच तर फुटबॉलच्या गोलात उभं राहून पोट भरणारा तर नक्कीच नसेल. भाऊजी हे करायचे. रीतसर पगार घेऊन करायचे. लोक खिळ्यांचे बूट घालून त्यांच्या तोंडाच्या दिशेने धावत यायचे आणि हे त्या बुटांखाली बिनदिक्कत उडी घालायचे. मग संध्याकाळी घरी यायचे आणि भिंतीवर पाल दिसली की सोफ्यावर चढून उभे राहायचे, ते सासूबाई झाडू घेऊन येईपर्यंत.

मी लग्न होऊन घाटकोपरला आले त्याच आठवड्यात मला या प्रकरणाची ओळख झाली. मी डाळ शिजायला लावली होती. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, शिट्टी व्हायच्या आधी सांगशील का?" मला वाटलं, नव्या वहिनीची थट्टा चालली आहे. पण पहिली शिट्टी झाली तेव्हा हा एवढा थोरला माणूस बाल्कनीकडे पळाला, बाल्कनीत कबुतरं बसली होती म्हणून तिथून परत फिरला, आणि कुकर व कबुतरं यांच्यापासून सारख्याच अंतरावर, पॅसेजमध्ये, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सासूबाई वाशीमकडच्या. मुंबईत आयुष्य गेलं तरी त्यांची बोली काही गेली नाही. त्या म्हणाल्या, "काहून भेतं रे एवढा? कुकर हाय तो, वाघ नाही." त्यावर भाऊजींनी दिलेलं उत्तर मला अजून बिनतोड वाटतं. ते म्हणाले, "आई, वाघ येताना दिसतो तरी."

रिवाज म्हणून मी त्यांना अहोजाहो करते आणि ते मला अगंतुगं करतात. पण भीतीच्या खात्यात मात्र मीच त्यांची वडीलधारी झाले. गिझर फुटेल म्हणून ते बारा महिने गार पाण्याने आंघोळ करायचे. पंखा पडेल म्हणून पलंगावर तिरके झोपायचे, म्हणजे पडलाच तर निदान पोट वाचेल. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. सरकत्या जिन्यासमोर उभे राहून ते इतका वेळ पायऱ्या मोजत बसायचे की मागची माणसं त्यांना वळसा घालून निघून जायची. सर्वांत मोठी भीती अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनची. फोन वाजला की तो माझ्या हातात. एकदा खुद्द त्यांच्या क्लबच्या साहेबांचा फोन होता, पुढच्या मोसमाच्या कराराचा. भाऊजी समोर बसून दोन्ही हातांनी खुणा करत होते आणि मी म्हणत होते, "मी त्यांची वहिनी बोलतेय, काय ते मला सांगा." त्या दिवसापासून क्लबमध्ये मला मॅनेजर म्हणायला लागले. प्रत्यक्षात मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे खोके छापणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघते, आणि फुटबॉलमध्ये एका बाजूला किती माणसं असतात हेही मला लग्नानंतर कळलं.

त्यांचा सामना बघायला मी पहिल्यांदा गेले ती मुद्दाम, घाबरलेले भाऊजी बघायला. तिथे वेगळाच माणूस उभा होता. तो ओरडत होता. "डावीकडे बघ, डावीकडे! मागे ये!" असं अख्ख्या संघाला झापत होता, आणि संघ ऐकत होता. चेंडू घेऊन कोणी एकटा सुटला की बाकीचे गोलकीपर गोलातच घुटमळतात म्हणे, पण भाऊजी वाट बघायचे नाहीत. ते गोल सोडून थेट त्याच्या अंगावर धावून जायचे आणि त्याच्या पायातून चेंडू उचलायचे. त्यांचं नाव त्यासाठीच होतं. सामना संपल्यावर मी विचारलं, "भाऊजी, तिथे नाही का वाटत भीती?" ते बुटाची नाडी सोडता सोडता थांबले. म्हणाले, "वहिनी, बाहेर कुठून काय येईल सांगता येत नाही. इथे एकच गोष्ट येते, आणि ती समोरून येते."

मग एक दिवस ते सामन्यावरून वेळेआधीच घरी आले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. बॅग दारात ठेवली आणि बूट न काढता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. काय झालं ते आम्हाला संघातल्या एकाने फोनवर सांगितलं. समोरच्या संघाचा एक तरणा फॉरवर्ड चेंडू घेऊन सुटला होता. भाऊजी नेहमीसारखे गोल सोडून धावून गेले. दोघेही एकाच चेंडूवर झेपावले, चेंडू भाऊजींच्या हातात आला आणि त्या मुलाचं डोकं भाऊजींच्या गुडघ्यावर आदळलं. मुलगा पडला तो उठला नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. चूक कोणाचीच नव्हती, रेफरीने साधी शिट्टीही वाजवली नव्हती, असं फोनवरचा माणूस दोन-तीनदा म्हणाला.

चार दिवसांनी क्लबमधून कळलं की मुलगा शुद्धीवर आला, धोका टळला. पुढे काही महिन्यांनी कळलं की तो आता खेळत नाही. एवढीच बातमी. ज्या माणसाला बंद पंखासुद्धा पडताना दिसतो त्याच्या हातात इतकी अर्धवट बातमी देऊ नये. भाऊजींनी पुढे कधी चौकशी केली नाही, आणि घरात कोणी त्या मुलाचं नाव काढलं की उठून जायचे. आम्ही नाव काढणं बंद केलं. आम्हाला वाटलं, विसरतायत.

मैदानावर मात्र ते कोणाच्याही लक्षात यावं इतकं दिसायला लागलं. कोणी एकटा चेंडू घेऊन आला की भाऊजी गोलाच्या रेषेवर खिळल्यासारखे उभे राहायचे. पाय उचलायचाच नाही. चेंडू त्यांच्या बाजूने आत जायचा आणि ते त्या मुलाकडे बघत राहायचे, तो धडपडला तर नाही ना, म्हणून. मोसम संपला तसा क्लबने निरोप दिला. तो फोनही मीच घेतला. साहेब फार सभ्यपणे बोलले, आणि ते इतक्या सभ्यपणे बोलतायत म्हणजे आता काही उरलं नाही, हे मला पहिल्या वाक्यातच समजलं.

त्यानंतरचे दिवस घरात कोणाला आवडले नाहीत. आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले बंधू, यांनी कधीतरी हौसेने टीव्हीला जोडून खेळ खेळायचं एक मशीन आणलं होतं. दोनदा खेळून ते कंटाळले होते. सासूबाईंनी त्या मशीनवर विणलेला रुमाल घालून वर फुलदाणी ठेवली होती. एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर फुलदाणी जमिनीवर, रुमाल सोफ्यावर, आणि भाऊजी कंट्रोलर हातात धरून टीव्हीतल्या फुटबॉलपटूंना झापत होते. "डावीकडे बघ, डावीकडे!" अंगावर रोमांच यावेत तसा तो आवाज होता. किती दिवसांनी ऐकला होता. मी चपला हातात घेऊन मागच्या पावली बाहेर गेले आणि खाली बाकावर बसून राहिले, आवाज बंद पडू नये म्हणून.

पुढचं मला भाऊजींनी नंतर समजावलं. टीव्हीवरच्या या खेळात मैदान लांबून, वरून दिसतं, आणि आपल्या संघातला जो चेंडूजवळ असेल तो आपण चालवायचा. बाकीच्या पोरांना हे असं लांबून बघणं शिकावं लागतं. भाऊजींनी उभं आयुष्य सगळ्यांच्या मागे उभं राहून अख्खं मैदानच बघितलं होतं. कोण कुठे मोकळा होणार, हे त्यांना आधी दिसायचं. इंटरनेटवरून ते कुठल्या कुठल्या गावच्या लोकांशी खेळायला लागले आणि जिंकायला लागले. सासूबाईंना काही कळायचं नाही, पण जिंकल्यावर भाऊजी दोन पोळ्या जास्त खातात एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. दर रविवारी विहारात वंदनेला निघताना त्या मला बजावून जायच्या, "पोराले खेळू दे. लाईट गेली तर मले फोन कर." लाईट गेल्यावर सासूबाई काय करणार होत्या, ते मी कधी विचारलं नाही.

अशा खेळाच्या स्पर्धा होतात, त्यासाठी कंपन्या संघ ठेवतात, खेळाडूंना पगार देतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मरोळमधल्या एका कंपनीने बोलावलं, ती माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर निघाली म्हणून न्यायला अर्थातच मी. मेट्रो स्टेशनावर सरकता जिना असल्यामुळे आम्ही साध्या जिन्याने चढलो. तिथली कोच एक मुलगी होती, केसांचा एक पट्टा निळा रंगवलेली. तिने भाऊजींचा खेळ बघितला आणि म्हणाली, "सर, झकास. तुम्ही प्रोफेशनल फुटबॉलर होता ना? आमच्याकडे सगळे खुर्चीतच मोठे झालेले आहेत." भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो म्हणा." ते हो म्हणाले.

तर असे ते मैदानावरून खुर्चीत आले, आणि तिथेही त्यांच्या तऱ्हा गाजायला लागल्या. त्यांच्याकडून कधी फाऊल व्हायचा नाही. घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला चेंडू काढायची सोय या खेळात आहे, तरुण पोरं ती सढळ हाताने वापरतात, पण भाऊजी कधी नाही. टीव्हीवरचा एखादा खेळाडू धडपडून पडला, मग तो समोरच्या संघाचा का असेना, तर तो उठून चालायला लागेपर्यंत त्यांचा श्वास अडकलेला असायचा. सामन्याचं वर्णन करणारे लोक याला "स्वच्छ खेळ" म्हणायचे. त्यांच्या चाहत्यांनी त्यांना "सभ्य सर" असं नाव दिलं होतं. स्वतःवर गोल झाला की बाकीचे कंट्रोलर आपटतात. भाऊजी टीव्हीतल्या गोलकीपरची बाजू घेऊन भांडायचे. "त्याला दिसलंच नाही रे, पुढे दोघं उभे होते." तो गोलकीपर मशीनच चालवतं, त्याला आईबाप नाहीत, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. गोलकीपरला कोणीतरी आपला माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग ते हरायला लागले. एक सामना हरले, दुसरा हरले, मग पहिल्याच फेरीत बाहेर. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती निळ्या पट्ट्याची कोच माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, एक बटण आहे, ते सर दाबतच नाहीत."

"कसलं बटण?"

"कोणी एकटा चेंडू घेऊन आला ना, की ते दाबून ठेवायचं. मग आपला गोलकीपर गोल सोडून पुढे धावतो. सगळे दाबतात, यार. बच्चे पण दाबतात. सर नाही दाबत. आता सगळ्यांना कळलंय. सरळ धावत येतात आणि गोल मारून जातात. मी विचारलं तर म्हणाले, सवय नाही. अहो, ते स्वतः गोलकीपर होते ना?"

ती गेल्यावर मी डबा तसाच बंद केला. आम्हाला वाटत होतं विसरतायत. ते काहीही विसरले नव्हते. संध्याकाळी भाऊजींना गाठून मी वसाहतीच्या नाक्यावर चहाला थांबवलं आणि सरळ विचारलं. त्यांनी कपातला चहा ढवळला. चहाच्या टपरीवर चमचा नसतो, बोटानेच ढवळला. मग म्हणाले, "दाबायला जातो गं. अंगठा बटणावर असतो. पण तो धावत निघाला की पुढे काय होणार ते मला दिसतं."

"भाऊजी, तो टीव्ही आहे. तिथे कोणाला लागत नाही."

"माहितेय." ते म्हणाले, "वहिनी, तो आवाज मी ऐकलाय. डोकं गुडघ्याला लागलं, तो. तू नाही ऐकलास."

मी फक्त विचारलं, त्या मुलाला जाऊन बघू या का. भाऊजी इतके घाबरले की आजवरच्या सगळ्या भीत्या खेळ वाटाव्यात. ते नाही म्हणाले नाहीत. हातातला कप टपरीवर ठेवला.

जुन्या क्लबात फोन करून पत्ता मी मिळवला. मुलाचं नाव सुयश, राहायला कांदिवली. घरी फोन लावला तो त्याच्या आईने उचलला. मी कोण, कोणाच्या वतीने बोलतेय, ते सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "रविवारी या." तो मुलगा कसा आहे, हे विचारायचं मी ठरवलं होतं. माझंही धाडस झालं नाही. भीती घरात एकाला असली की बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही.

रविवारी घाटकोपरहून निघालो. मेट्रोत भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि मधूनच बोलत होते, ते माझ्याशी की काचेशी ते कळत नव्हतं. "चालता येत असेल ना?" मग दोन स्टेशनं गेल्यावर, "बोलता येत असेल." मेट्रो बदलली, त्यानंतर, "ओळखत असेल का आईला?" मी म्हटलं, "आईने फोन उचलला, नीट बोलली." ते म्हणाले, "नीट म्हणजे कशी? रडक्या आवाजात?" मी नाही म्हटलं. "रागात?" त्यालाही नाही म्हटलं. "मग कशी?" आता त्या बाईंचा आवाज मला खरंच आठवेना, आणि भाऊजींची प्रत्येक शंका माझ्या मनात घर करून बसायला लागली. मी पेढे घेतले होते. पेढे न्यावेत असं घर असेल का ते, असं वाटून मी ती पिशवी पदराखाली धरली.

सुयशचं घर अकराव्या मजल्यावर. भाऊजी लिफ्टमध्ये येणार नव्हतेच. ते जिन्याने निघाले, मी लिफ्टने वर पोचले. बेल वाजवली तर साठीच्या एक बाई दारात. त्यांनी माझ्या मागे बघितलं.

"ते जिन्याने येतायत," मी म्हटलं.

"अकरा मजले?"

"त्यांना लिफ्टची भीती वाटते."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो आणि जिन्यातून वर येणारी पावलं ऐकत राहिलो. पावलं जवळ आली, आणखी जवळ आली, आणि मग थांबली. आम्ही वाट बघितली. काहीच नाही. शेवटी मी पेढ्यांची पिशवी त्या बाईंच्याच हातात दिली आणि खाली उतरले. भाऊजी दहाव्या मजल्यावर कठडा धरून उभे होते. घामाने शर्ट भिजला होता, पण दम जिन्याचा नव्हता.

"भाऊजी, चला."

"वहिनी, तू बघून ये ना आधी. मला येऊन सांग. मग मी येतो."

लग्न झाल्यापासून मी हेच करत आले होते. फोन मी घ्यायचा, साहेबांशी मी बोलायचं. मी हो म्हणणार होते, तेवढ्यात वरून कोणीतरी कठड्यावरून वाकून बघितलं. एक दाढी वाढवलेला हसरा मुलगा. म्हणाला, "सर, मी खाली येऊ का? मला लिफ्टची, जिन्याची, कशाचीच भीती नाही वाटत." आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली आलाही. भाऊजी त्याच्या पायांकडे बघत होते. मग हातांकडे. मग डोक्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

घरात बसल्यावर सुयशनेच सगळं सांगितलं. डोक्याने चेंडू मारायचा नाही, पुन्हा डोक्याला लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने खेळणं सोडलं होतं. आता तो बोरिवलीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. चालता, बोलता, ओळखता सगळं येत होतं. "फक्त वास येत नाही," तो म्हणाला. "त्या दिवसापासून. कशाचाच नाही. डॉक्टर म्हणतात, आता बहुतेक नाहीच येणार. बाकी सगळं ठीक आहे."

भाऊजींनी सोफ्याची कड धरली. ज्या बातमीला ते इतके दिवस घाबरून होते ती ही होती. त्यांनी कल्पना केली होती त्यापेक्षा ती फार लहान होती, आणि खरी होती.

सुयशच्या आईने पाणी आणून ठेवलं. त्या बसल्या नाहीत. भाऊजींना म्हणाल्या, "तुमची चूक नव्हती, ते मला सगळ्यांनी सांगितलं. पण एक फोन का नाही केलात?"

मी तोंड उघडलं होतं. भाऊजींनी माझ्याकडे न बघताच हात जरासा वर केला, मैदानावर आपल्या माणसांना थांबवायचे तसा. "भीती वाटली," ते म्हणाले.

"मला नव्हती वाटत?" बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या त्या बाकावर मी एकटी बसले होते. फोन वाजला की तो उचलायची हिंमत व्हायची नाही. त्या वेळी कोणी नुसतं बाजूला येऊन घाबरत बसलं असतं तरी चाललं असतं मला."

भाऊजींचे डोळे भरले होते आणि ते पुसायलाही ते घाबरत होते. मग सुयश पुढे वाकला.

"सर, मला एक सांगा. मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. सकाळचे पोहे आठवतात, मग डायरेक्ट हॉस्पिटल. आईला विचारलं तर ती चिडते. गोल झाला होता का?"

भाऊजींनी पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "नाही," ते म्हणाले. "चेंडू माझ्या हातात होता."

"नक्की?"

"नक्की."

सुयशने मान हलवली. "छे," तो म्हणाला, "मला वाटत होतं, झाला असेल." आणि हसला. त्याच्या आई आत गेल्या आणि येताना माझेच पेढे बशीत घालून घेऊन आल्या. एक त्यांनी भाऊजींच्या हातावर ठेवला, जरा जोरातच.

त्यानंतरच्या स्पर्धेला मी सुट्टी काढून गेले. मरोळच्याच एका हॉलमध्ये होती. मोठा पडदा, खुर्च्या, आणि भाऊजींच्या अर्ध्या वयाची पोरं. भाऊजी कानाला हेडफोन लावून बसले. सामना बरोबरीत होता तेव्हा समोरचा खेळाडू चेंडू घेऊन एकटा सुटला. सरळ, सावकाश, आता या सरांची खोड सगळ्यांनाच माहीत आहे अशा थाटात. मी पडदा बघत नव्हते, भाऊजींचा अंगठा बघत होते. तो खाली गेला आणि खालीच राहिला. पडद्यावरचा गोलकीपर गोल सोडून धावत सुटला. आणि समोरच्या पोराने चेंडू अलगद उचलून त्याच्या डोक्यावरून आत टाकला. भाऊजी हरले. हॉलमध्ये गलका झाला, निळ्या पट्ट्याची कोच मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघत होते. भाऊजी उठून समोरच्या पोराशी हात मिळवून आले. मला म्हणाले, "गोलकीपरची चूक नव्हती, वहिनी. तो बरोबर वेळेला निघाला होता."

आता ते जिंकतातही आणि हरतातही. लिफ्टमध्ये अजून चढत नाहीत, आणि फोन अजून माझ्याच हातात देतात, फक्त एक सोडून. सुयशच्या शाळेला रविवारी सुट्टी असते. दुपारच्या जेवणाआधी दोघं इंटरनेटवरून एकमेकांशी खेळतात, हेडफोनवर बोलत. सुरुवातीला मला वाटायचं, खेळाबद्दलच बोलत असतील. मग भाऊजी रविवारी स्वयंपाकघरात येऊन उभे राहायला लागले. काही मदत करायची नाही, नुसतं फोडणीजवळ उभं राहायचं आणि विचारायचं, "वहिनी, हे आत्ता काय घातलंस?" आणि लगेच बाहेर.

परवा सासूबाई खलबत्त्यात मिरचीचा ठेचा कुटत होत्या. वऱ्हाडी हात, घरभर खोकला. भाऊजी डोळे पुसत बाहेर गेले. मी पाणी घेऊन त्यांच्यामागे गेले तर ते कंट्रोलर मांडीवर ठेवून, हेडफोनमध्ये बोलत होते. सुयश त्यांना दर रविवारी आज जेवायला काय आहे आणि त्याचा वास कसा आहे ते विचारतो, हे मला तेव्हा कळलं. वरणाचं ते सांगून झालं होतं. भाताचं झालं होतं. आता ठेच्यापाशी येऊन अडले होते. बराच वेळ शब्द शोधत बसले. मी ग्लास हातात धरून दारातच थांबले.

मग म्हणाले, "हा कसा सांगू रे तुला. नाकात गेला की आधी भीतीच वाटते. आणि मग भूक लागते."